अर्ध्या बिबट्याला कलम कुठलं लावायचं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अर्धा माणूस, अर्धा प्राणी असा नायक आणि सोबत प्राणिहक्कांची लढाई, अशा ॲनिमेशन मालिका सध्या मुलांच्या मोबाइलपासून मोठ्यांच्या टीव्हीपर्यंत सगळीकडे चालतात. पुण्यातल्या ॲनिमेशनच्या विद्यार्थ्यांच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांतही हा नायक वरचेवर भेटतो. विषय चांगला आहे. तक्रार एवढीच की यात प्राणी कातडीपुरता उरतो. डोळे, हात, बोलणं, रागावणं सगळं माणसाचं. कान आणि शेपूट तेवढी प्राण्याची. मग प्रेक्षकाला कळवळा येतो तो आतल्या माणसाचा, आणि हक्कही त्यालाच मिळतात. आमच्यापैकी काही जण ॲनिमेशन शिकवतात, काही जखमी प्राण्यांवर उपचार करतात. जुन्नरच्या उसातला बिबट्या डोळ्यांसमोर ठेवून मराठीत अशी मालिका कुणी करायला घेणार असेल, तर त्याच्या कामाला येईल ते इथे मांडत आहोत.

सुरुवात डोळ्यांपासून. माणसाच्या बुबुळाभोवतीचं पांढरं ठळक दिसतं, त्यामुळे तो कुणीकडे पाहतोय ते लांबूनही कळतं. बिबट्याच्या डोळ्यात ते एरवी जवळजवळ दिसत नाही. पण पांढऱ्याशिवाय भाव दाखवता येत नाहीत अशा समजुतीने चित्रकार पहिल्याच स्केचमध्ये ते भरतो आणि तिथेच प्राणी हातातून निसटतो. कुत्र्याच्या डोळ्याचं पांढरं कडेने दिसू लागलं तर ती ताणाची, भीतीची खूण असते. कुत्र्यांत वावरणारा माणूस अशा वेळी पुढे केलेला हात मागे घेतो. मालिकेत तोच डोळा प्रेमळ म्हणून रंगवलेला असतो. माकडाने ओठ मागे ओढून दात दाखवले की ‘हसतंय’ म्हणायची आपल्याकडे रीतच आहे. बहुतेक वेळा ते घाबरलेलं असतं किंवा समोरच्याला धमकावत असतं. भाव दाखवायला कान आहेत, मिशा आहेत, शेपटीचं टोक आहे. कान चपटे मागे गेले आणि शेपूट झटके देऊ लागली, म्हणजे आता जवळ जायचं नाही, हे मुलं दोन-तीन भागांत आपसूक शिकतात. उद्या सोसायटीतल्या मांजरापाशी ते उपयोगीही पडतं.

मांजराच्या डोळ्याची बाहुली उजेडात उभी फट होते म्हणून बिबट्यालाही तशीच काढतात. त्याची गोल असते. अंगावरच्या काळ्या कड्यांच्या आत आणखी टिंब दिलं की तो अमेरिका खंडातला जॅग्वार झाला. भरीव ठिपके आणि डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ ओढली की चित्ता. (बातम्यांच्या फोटोओळींतही ही गल्लत होते, हे जाता जाता.) आवाजासाठी तयार ध्वनिसंग्रहातली सिंहाची गर्जना उचलू नये. बिबट्या लाकडावर करवत चालवल्यासारखा खरखरीत, तुटक ओरडतो.

सगळ्यात जास्त चुका पायांत होतात. ‘कुत्र्याचा गुडघा मागे वाकतो’ हे वाक्य वर्गात दर वर्षी ऐकू येतं. तो गुडघा नव्हे, घोटा. गुडघा वर पोटाजवळ असतो आणि माणसासारखाच पुढे वाकतो. कुत्रा, मांजर, बिबट्या बोटांवर चालतात, टाच हवेत राहते. त्यामुळे रिग (पात्र हलवण्यासाठीचा संगणकातला सांगाडा) करताना मागच्या पायाला मांडी, नडगी, टाचेपासून बोटांपर्यंतचा लांब भाग आणि बोटं असे चार तुकडे लागतात. माणसाच्या तयार रिगमधलं आयके (पाऊल हलवलं की वरचे सांधे आपोआप वळवणारी सोय) दोन हाडांचं गणित सोडवतं. तिसऱ्या हाडाला वेगळा कंट्रोल दिला नाही तर पाऊल टेकताना घोटा थरथरतो, किंवा टेकलेलं पाऊल जमिनीवर घसरत राहतं. मुदत जवळ आली की विद्यार्थी मग माणसाचाच पाय ठेवून वर केस चिकटवतो. खांद्याचंही तसंच. मांजरकुळात कॉलरबोन अगदी लहान आणि सुटं असतं, पुढचा पाय धडाला मुख्यतः स्नायूंनी जोडलेला असतो. त्यामुळे छाती अरुंद आणि ढांग लांब. दोन्ही हात फैलावून उभा राहणारा नायक हवा असेल तर त्याला माणसाचा खांदा द्यावा लागेल. जरूर द्या, पण मग बिबट्याची ढांग गेली. ही देवघेव कथेतही दिसली पाहिजे: या नायकाला काय जमतं, काय जमत नाही आणि काय करताना दुखतं.

चालीचा क्रम मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा असा. सावकाश चालीत बहुतेक वेळ तीन पाय जमिनीवर असतात, आणि पुढच्या पंजाने सोडलेल्या ठशावर किंवा त्याच्या अगदी लगत मागचा पंजा पडतो. २००९ साली हंगेरीतल्या संशोधकांनी चालत्या चौपायांच्या प्रतिकृती आणि चित्रं तपासली, तेव्हा संग्रहालयांतल्या ४० टक्क्यांहून जास्त आणि शरीररचनेच्या पुस्तकांतल्या ६० टक्क्यांहून जास्त नमुन्यांत पायांचा क्रम चुकलेला निघाला. म्हणजे पुस्तक समोर ठेवून काढलं तरी भरवसा नाही. स्वतः बघावं लागतं. गल्लीतलं कुत्रं उत्तम: मोबाइल स्लो-मोशनवर, अगदी बाजूने, कॅमेरा न हलवता, आठ-दहा पावलं.

बिबट्यासाठी कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात जाता येईल, बुधवार सोडून. मात्र कुठल्याही प्राणिसंग्रहालयात चित्रण करताना एक पथ्य पाळावं. एकाच वाटेने, एकाच जागी मान झटकून वळत तासन्‌तास येरझारा घालणारा प्राणी दिसला, तर ती त्याची चाल समजू नये. तो बंदिवासाचा आजार आहे. वळताना डोकं दर वेळी त्याच बाजूला, त्याच उंचीवर जातं आणि पाऊल पडतं तेही त्याच ठिकाणी. हे चित्रण बघून रानातला नायक चालवला, तर तो आजारी प्राणी रानात चालतो आहे असं जाणत्याला लगेच दिसतं. उलट पिंजऱ्यातल्या प्रसंगात हीच चाल मुद्दाम वापरावी. चालीचं एकच आवर्तन, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारा चित्रांचा तुकडा, काहीही न बदलता चाळीस वेळा फिरवा, मागे संगीत नको. एरवी आवर्तन पुन्हा पुन्हा वापरणं हा आमच्या धंद्यात कामचुकारपणा समजला जातो. इथे नेमकं तेच दाखवायचं आहे.

आता कुलूप. जवळपास प्रत्येक मालिकेत नायक कधी ना कधी पिंजरे तोडतो, संगीत चढतं, सगळे प्राणी धावत सुटतात आणि भाग संपतो. पुढच्या सकाळी काय होतं ते कुणी काढत नाही. पिंजऱ्यातल्या पोपटाचे पंख बहुधा कापलेले असतात. ती पिसं पुढच्या पीसगळतीनंतर, साधारण वर्षाने येतात. आली तरी उडायचे छातीचे स्नायू तोवर रोडावलेले असतात. आधी लांबलचक पिंजऱ्यात उडायचा सराव, माणसाच्या हातून खाणं बंद, थव्याची सवय आणि मग सोडणं, असा तो क्रम आहे. थेट खिडकीतून उडवलेला पोपट पहिल्या संध्याकाळी कावळ्यांच्या किंवा मांजराच्या तावडीत सापडतो. आपल्याकडचा देशी पोपट पाळणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हाच आहे. त्याची सुटका म्हणजे त्याला वन विभागाच्या हवाली करणं. प्रयोगशाळेतले पांढरे उंदीर पिढ्यान्‌पिढ्या निर्जंतुक खोलीत वाढलेले; बाहेर त्यांचा टिकाव लागत नाही. बरं, ते कुठल्या प्रयोगातले, अंगात कुठला जंतू घेऊन फिरताहेत, हे नायकाला माहीत नसतं. विषाणूंवर संशोधन चालणाऱ्या शहरात तरी हा प्रसंग लिहिताना हात थोडा आखडावा.

बिबट्याची गोष्ट तर आपल्या जिल्ह्यातलीच आहे. २००१ पासून पुढची दोन-तीन वर्षं जुन्नर भागातून पकडलेले बिबटे दूरच्या जंगलांत नेऊन सोडले गेले. पुढे अभ्यासात दिसलं ते असं की माणसांवरचे हल्ले घटण्याऐवजी वाढले, आणि जिथे सोडले तिथेही सुरू झाले. प्रौढ बिबट्याला स्वतःचा इलाका असतो. अनोळखी रानात सोडला की तो तिथे आधीपासून असलेल्या बिबट्यांत आणि माणसांत जाऊन पडतो. तेव्हा ‘जंगलात नेऊन सोडलं’ हा आनंदी शेवट इथल्या प्रेक्षकाला पटवण्याआधी लेखकाने माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्राबद्दल वाचून घ्यावं. तिथल्या प्राण्यांपैकी कित्येकांना परत सोडताच येत नाही.

सुटकेचा खरा प्रसंग हवा असेल तर ऊसतोडीच्या हंगामातला घ्या. तोड चालू असताना फडात बिबट्याची पिल्लं सापडतात. मजूर थांबतात, गर्दी जमते, कुणीतरी सेल्फीसाठी पिल्लू उचलतं. इथून पुढचं काम असं चालतं: गर्दी हटवायची, हाताळणी कमीत कमी, पशुवैद्याने तपासून गोचिडं काढायची, गायीचं दूध पाजायचं नाही (जुलाब लागतात), आणि संध्याकाळी ज्या जागी सापडली त्याच जागी क्रेटमध्ये ठेवायची. आजूबाजूला कॅमेरा ट्रॅप, माणसं लांब, दिवे बंद. अंधार पडल्यावर मादी येते, वास घेते आणि पिल्लू मानेला धरून नेते. पहिल्या रात्री आली नाही तर दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. हा अकरा मिनिटांचा अख्खा भाग होतो, आणि त्यात नायकाचं काम काय, तर गप्प बसून राहणं. अर्धा बिबट्या असल्यामुळे मादी किती लांब आहे ते त्याला इतरांआधी कळेल. त्याच्या प्राणीपणाचा एवढा नेमका उपयोग मारामारीत होत नाही. पिंजऱ्याबद्दलही एक बारकावा सांगण्यासारखा. सापळ्यात अडकलेला बिबट्या गजांवर धडका मारून सुळे मोडून घेतो, नखं उचकटून घेतो. म्हणून पिंजऱ्यावर लगेच कापड टाकतात. अंधार झाला की तो बराच शांत होतो. चित्रात मात्र प्राणी दिसावा म्हणून नायक ते कापड आवेशाने ओढून काढतो.

बेशुद्ध करण्याचं इंजेक्शनही असंच. बाण लागला की प्राणी त्याच क्षणी कोसळतो, असं सर्रास दाखवतात. औषध मांडीच्या किंवा खांद्याच्या मोठ्या स्नायूत जावं लागतं आणि अंमल चढायला पाच-दहा मिनिटं, कधी जास्तही लागतात. तेवढ्यात घाबरलेला प्राणी कुठेही जाऊ शकतो. आधीच धावून दमलेल्या जनावरात धोका दुप्पट. ९ डिसेंबर २०२० ला कोथरूडमध्ये गवा शिरला तेव्हा काय झालं ते पुणेकरांनी पाहिलं आहे. गर्दी मागे, गवा पुढे, अंगावर जखमा, मग औषध, दोर, आणि पकडल्यावर थोड्याच वेळात मृत्यू. अतिश्रम आणि भीती एकत्र आली की शरीराचं तापमान भडकतं, रक्तातली आम्लता वाढते, स्नायू फुटून त्यातली द्रव्यं रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडं, हृदय बंद पडतं. कधी लगेच, कधी दोन-चार दिवसांनी. त्याच महिन्यात बावधन-पाषाणकडे दुसरा गवा आला, तेव्हा लोकांना लांब ठेवलं गेलं आणि तो परत जंगलाच्या दिशेने वळवता आला. पाठलागाचा प्रसंग ॲनिमेशनमध्ये रंगतो हे खरं, पण हरणं, गवे यांच्याबाबतीत पाठलाग हेच मरणाचं कारण असू शकतं, हे नायकाला तरी ठाऊक असावं.

कायद्याकडे येऊ, कारण प्राणिहक्कांच्या मालिकेत तो सगळ्यात ढिसाळ असतो. आपल्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात प्राणी म्हणजे ‘मनुष्याखेरीज कोणताही सजीव’. भारतीय न्याय संहितेतली व्याख्याही तशीच. मग संकराचा नायक कुठे बसतो? माणूस ठरला तर हा कायदा त्याला लागू नाही, माणसाचे सगळे हक्क आपोआप मिळतात आणि मालिका पहिल्याच भागात संपते. प्राणी ठरला तर त्याला मालक असू शकतो, आणि त्याची तक्रार त्याला स्वतःला करता येत नाही. हिरण्यकशिपूच्या वरातली पळवाट नेमकी इथे आहे: ना माणूस, ना पशू. बिबट्याचा अंश धरला तर वन्यजीव संरक्षण कायद्याची अनुसूची १ (सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांची यादी) लागते, आणि बंदिवासात ठेवलेला असा प्राणी कलम ३९ खाली राज्य सरकारची मालमत्ता. स्वतःच सरकारी मालमत्ता असलेला नायक पोलीस ठाण्यात उभा आहे, आणि ठाणे अंमलदाराला कलम सापडत नाही, यापेक्षा चांगला भाग आम्हाला तरी सुचत नाही.

शिक्षांचे आकडेही संवादांत जसेच्या तसे यावेत. क्रूरता कायद्याच्या कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. तीन वर्षांच्या आत पुन्हा केला तर २५ ते १०० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. कित्येक दशकं हे आकडे तसेच आहेत; ५० रुपयांत आज डेक्कनला गाडीही फार वेळ लावता येत नाही. यातले बहुतेक गुन्हे अदखलपात्र, म्हणून साखळीने दिवसभर बांधलेल्या कुत्र्याची तक्रार घेऊन गेलं की हातात एनसीचा (अदखलपात्र नोंदीचा) कागद पडतो. प्राण्याला ठार मारणं, विष घालणं, अपंग करणं यासाठी न्याय संहितेचं कलम ३२५ आहे, पाच वर्षांपर्यंत कैद. ते दखलपात्र आहे आणि तक्रारीत ते लिहून घ्यायचा आग्रह धरावा लागतो. तेच अनुसूची १ मधल्या प्राण्याची शिकार केली तर किमान तीन, कमाल सात वर्षं आणि किमान २५ हजार दंड. अर्धा कुत्रा आणि अर्धा बिबट्या या दोन नायकांच्या जिवाची किंमत कायद्यात इतकी वेगळी आहे.

‘हक्क’ म्हणताना न्यायालयांनी काय म्हटलं तेही बघायला हवं. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टू या तामिळनाडूतल्या बैलांच्या खेळाच्या प्रकरणात प्राण्यांची पाच स्वातंत्र्यं मान्य केली: भूक-तहान, गैरसोय, वेदना-आजार आणि भीती यांपासून मुक्ती, आणि आपल्या जातीप्रमाणे वागण्याची मुभा. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने प्राण्यांना कायदेशीर व्यक्ती म्हटलं. पण मे २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने असे खेळ आणि शर्यती चालू ठेवणाऱ्या तामिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्राच्या कायदा-दुरुस्त्या वैध ठरवल्या आणि प्राण्यांना मूलभूत हक्क आहेत हे मान्य केलं नाही. बैलगाडा शर्यतीच्या घाटात पुन्हा धावू लागला तो या वाटेने. खेड-मंचरकडच्या प्रेक्षकाला ही बाजू तोंडपाठ आहे. त्याच्यासमोर शेतकऱ्याला सरसकट खलनायक करून चालणार नाही, तो चॅनेल बदलेल.

विज्ञानाबद्दल थोडक्यात. प्रयोगशाळेत माणूस आणि प्राणी ‘मिसळले’ अशी सुरुवात करताना संकर आणि कायमेरा यात घोळ होतो. संकरात प्रत्येक पेशी मिश्र असते, जसं घोड्याची ६४ आणि गाढवाची ६२ मिळून खेचराची ६३ गुणसूत्रं. माणसाची ४६, कुत्र्याची ७८. इथे संकर जमायचा नाही. कायमेऱ्यात दोन जातींच्या पेशी एका शरीरात शेजारी शेजारी असतात. २०१७ मध्ये माणूस-डुक्कर भ्रूण तयार झाले ते असे, आणि त्यांत मानवी पेशी लाखात एखादी होती; तीन-चार आठवड्यांनी वाढ थांबवण्यात आली. कथेला कायमेरा सोयीचा, कारण मग नायकाच्या शरीरात प्राणी नेमका कुठे आहे, हे लेखकाला ठरवावं लागतं. नाकात ठेवला तर गोष्ट वेगळी, मेंदूत ठेवला तर फारच वेगळी.

शेवटी खर्च, कारण सगळं तिथे अडतं. अकरा मिनिटं म्हणजे ६६० सेकंद, २४ फ्रेमच्या हिशेबाने १५,८४० फ्रेम. टूजवर (एक चित्र दोन फ्रेम धरून) काढलं तरी ७,९२० चित्रं. हाताने काढलेले बिबट्याचे ठिपके प्रत्येक चित्रात थोडे सरकतात आणि कातडी उकळल्यासारखी दिसते. म्हणून निर्माते साधा एकरंगी प्राणी मागतात. कट-आउट रिगमध्ये (सुटे तुकडे सांध्यांवर जोडून केलेलं पात्र) ठिपके तुकड्यांना चिकटवलेले असल्याने हा प्रश्न सुटतो, फक्त सांध्यांवर ठिपका तुटतो. तिथे एक झाकणारा तुकडा ठेवावा. पैसे वाचवायचेच असतील तर पाठलाग कापा, चाल आणि कान कापू नका.

आणि प्रत्येक भागाच्या शेवटी दोन क्रमांक द्या: वन्यप्राण्यासाठी वन विभागाचा १९२६ आणि जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२. पाटी किमान चार सेकंद, म्हणजे ९६ फ्रेम, पडद्यावर राहू द्या. त्याहून कमी वेळात दुसरी-तिसरीतल्या मुलाचं वाचून होत नाही.

आपले,
ॲनिमेशन आणि पशुवैद्यक क्षेत्रांत काम करणारे काही वाचक, पुणे